संप लावताय? मग आधी स्वतःच लाइट घालवून बघा

आमच्याकडे मासे येऊन आठ-नऊ वर्षं झाली. पहिली चारेक वर्षं अडीच फुटी टँक आणि काठावर अडकवलेला छोटा फिल्टर एवढ्यावरच निभली, तोवर फरशीवर पाणी सांडलंच तर ते माझ्याच बादलीतून. मग हौस वाढली, ४ फुटी टँक घेतला, खाली संप, म्हणजे पाणी गाळायचा दुसरा टँक, लावला, दुकानदाराने सगळं जोडून दिलं, पंप सुरू झाला, पाणी छान खळखळायला लागलं, आणि तिसऱ्याच रात्री लाइट गेली. इंदूरात जूनमधे पहिलं वादळ आलं की लाइट जातेच, त्यात नवल काही नाही. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर हॉलमधे पाय ओला झाला, मोबाइलचा उजेड टाकला तर स्टँडच्या कपाटाच्या दाराखालून पाणी येतंय, अगदी गुपचूप, आवाज नाही काही नाही. कपाटात संपाशेजारी रद्दीचा गठ्ठा ठेवला होता तो फुगून दुप्पट झालेला. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "अरे, नळ उघडा राहिला होता का रे तुमचा?" म्हणून. त्यांच्या हॉलच्या छताला हा एवढा मोठा ओलीचा नकाशा.

त्या दिवसापासून टँकच्या पाइपांचा हिशोब मी वहीत मांडतो. नव्याने संप लावणाऱ्यांनी तोच हिशोब आधी करावा म्हणून हे लिहितोय. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग-पाणी उडवत जाणारी मिरवणूक, राजवाड्यावर बघायला मजा येते, आपल्या हॉलमधे नाही.

आधी पाणी फिरतं कसं ते डोळ्यासमोर आणा. वरच्या टँकच्या एका कोपऱ्यात काचेचा उभा बॉक्स असतो, त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात. पाणी त्या दातांवरून बॉक्समधे पडतं, बॉक्सच्या तळाच्या भोकातून ड्रेन पाइपने खाली संपात जातं, संपात स्पंज, बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) वगैरेतून गाळून शेवटच्या कप्प्यात येतं आणि तिथला पंप ते रिटर्न पाइपने परत वर ढकलतो. म्हणजे खाली यायचं काम आपोआप होतं, वर जायचं काम विजेवर. गडबड होते ती दोनच प्रकारे. लाइट गेली की वरून किती पाणी खाली येणार, आणि ड्रेन तुंबला तर पंप किती पाणी वर नेणार. पहिल्यात संप वाहतो, दुसऱ्यात टँक वाहतो. बाकीचं सगळं या दोन प्रश्नांच्याच पोटात येतं.

टेप घ्या, वही घ्या

टँकची आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमधे मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. म्हणजे टँकमधलं पाणी १ सेंटिमीटर खाली गेलं की किती लिटर कमी होतं ते कळतं. माझा टँक ४ फूट बाय दीड फूट, म्हणजे १२२ गुणिले ४५, साडेपाच हजाराच्या आसपास, म्हणजे दर सेंटिमीटरला साडेपाच लिटर. हा आकडा टँकच्या मागे स्केचपेनने लिहूनच ठेवा, सारखा लागतो.

संपाचंही असंच. माझा संप ३ फूट बाय १ फूट, ९१ गुणिले ३०, म्हणजे दर सेंटिमीटरला २.७ लिटर, म्हणजे वरच्या टँकच्या निम्मा. इथेच लोक फसतात कारण वर पाणी एक बोट उतरलेलं दिसतं ते खाली दोन बोटं चढतं.

आता त्या रात्रीचा हिशोब बघा. रिटर्न पाइपचं तोंड, म्हणजे नोझल, दुकानदाराने पाण्याखाली १२ सेंटिमीटर खोल ठेवलं होतं, आवाज कमी येतो म्हणून. पंप बंद झाला की तोच पाइप सायफन होतो आणि नोझल उघडी पडून हवा शिरेपर्यंत टँकचं पाणी उलटं खाली खेचत राहतो. १२ गुणिले साडेपाच, ६६ लिटर, वर बॉक्समधलं आणि पाइपांतलं पाचेक लिटर, झाले ७१. संपात पाणी २० सेंटिमीटरवर चालत होतं, संपाची उंची ३८, म्हणजे अगदी काठोकाठ धरली तरी जागा १८ सेंटिमीटर, ४९ लिटर. उरलेले बावीस लिटर अर्थातच काकूंच्या छताकडे निघाले. पंप खराब नव्हता, काच फुटली नव्हती, जोड सुटला नव्हता, तिसरी इयत्ता पास झालेल्या कोणालाही हा गुणाकार आदल्या दिवशी करता आला असता.

नोझल वर, आणि एक बारीक भोक

उपाय अगदी स्वस्त आहे. नोझल पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली आणा. ते जमत नसेल, किंवा आवाज नकोच असेल, तर नोझल खोल राहू द्या पण रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली एक-दीड सेंटिमीटरवर ३-४ मिलिमीटरचं भोक पाडा. लाइट गेली, पाणी थोडं उतरलं, भोक उघडं पडलं, पाइपमधे हवा शिरली, सायफन तुटला. माझ्याकडे आता पंप बंद झाला की दात जिथे संपतात तिथपर्यंतचं दहा-अकरा लिटर आणि पाइपा-बॉक्समधलं पाच, असं सोळाएक लिटर खाली येतं, संपात ते सहा सेंटिमीटर चढतं आणि थांबतं.

पण भोक पाडून विसरून जाऊ नका. एकदा पावसाळ्यात सहज पंप बंद केला तर पाणी उतरतंच आहे, थांबेना. हात घालून बघितलं तर मोहरीएवढी गोगलगाय, बरोब्बर त्या भोकात, बुचासारखी बसलेली. झाडं आणली की अशा गोगलगायी फुकट येतात. शेवाळ, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, हेही भोक बुजवतातच. म्हणून दोन भोकं पाडा, पाइपच्या दोन बाजूंना, आणि पाणी बदलायच्या दिवशी टूथपिक घालून साफ करा.

मग कोणीतरी म्हणेल, रिटर्नवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसव, भोकाची भानगडच नको. बसवा, हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. त्याची झडप एका वाळूच्या कणाने किंवा क्षाराच्या थराने अर्धवट उघडी राहते, आणि अर्धवट उघडी म्हणजे उघडीच, पाणी हळू येईल पण येईल सगळं. मी एक बसवला होता, वर्षभराने काढून बघितला तर झडपेवर एवढा पांढरा थर की ती हलतच नव्हती.

ड्रेन तुंबला तर

आता दुसरा प्रश्न, आणि हा जास्त वाईट कारण लाइट असते, पंप जोरात असतो आणि तुम्ही ऑफिसात असता. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं एक लांब पान, मेलेला गप्पी, सुटलेला स्पंजचा तुकडा, काहीही ड्रेनच्या तोंडाशी जाऊन बसतं. पाणी खाली यायचं बंद होतं, पंप मात्र संपाचा शेवटचा कप्पा रिकामा होईपर्यंत वर फेकतच राहतो.

म्हणून शेवटचा कप्पा लहान ठेवा. खरं तर हीच या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि दुकानात कोणी सांगत नाही. माझा कप्पा ३० बाय ३०, पाणी २० सेंटिमीटर, पंप तळापासून ५ सेंटिमीटरपर्यंत ओढू शकतो. म्हणजे वर जाऊ शकणारं पाणी १५ गुणिले ९०० भागिले हजार, साडेतेरा लिटर. वरच्या टँकमधे ते अडीच सेंटिमीटर चढेल. टँकच्या काठाला चालू पातळीच्या वर चार सेंटिमीटर मोकळे असले की ड्रेन पूर्ण बंद झाला तरी थेंब सांडत नाही, पंप कोरडा पडून कुरकुरेल एवढंच. कोरडा पंप जळू शकतो हे खरं, पण पंप नवीन आणता येतो. फक्त एक बघा, टँक लेव्हलमधे पाहिजे. स्टँड एका बाजूला कललेला असेल तर चार सेंटिमीटर मोकळे या कोपऱ्यात आणि दोनच त्या कोपऱ्यात, आणि पाणी नेहमी त्या कोपऱ्यातूनच जातं. गवंड्याकडची लेव्हल नळी आणून एकदा बघून घ्या.

ड्रेनच्या पाइपाबद्दल. एक इंची पाइप नुसत्या उताराने ताशी हजार-दीड हजार लिटर निवांत नेतो असं धरून चाला, त्यावर ताण देऊ नका. माझ्या टँकमधे अडीचशे लिटरच्या आत-बाहेर पाणी बसतं, तासाला चार-पाच फेऱ्या पुरतात, म्हणजे हजार-बाराशे. पंपाच्या डब्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, चार-साडेचार फूट वर चढवताना तो बराच घसरतो, पण म्हणून दुप्पट मोठा पंप आणू नका, लोक हमखास हेच करतात. पंप मोठा आणि ड्रेन लहान ही जोडी जमत नाही.

बॉक्सच्या तळाला एकच भोक असेल तर पाइपाच्या वर टी (इंग्रजी T सारखा जोड) बसवून त्याच्या टोपीला हवेसाठी भोक ठेवायची पद्धत आहे, ड्युर्सो म्हणतात तिला. घडघड आवाज कमी होतो. पण ती टोपी कधी घट्ट बंद करायची नाही, हवेचं भोक बुजलं की बॉक्समधलं पाणी वर-खाली हेलकावे खायला लागतं. दोन भोकं पाडता येत असतील तर फारच उत्तम, मग एक पाइप पूर्ण भरून सायफनसारखा चालवायचा, त्याला खाली गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह जुळवायचा, आणि दुसरा पाइप त्यापेक्षा उंच, कोरडा, निव्वळ संकटासाठी. ही हर्बी पद्धत. तीन पाइपांची बीनअ‍ॅनिमल म्हणून आहे, ती याच्याही पुढची, पण पहिल्या टँकला दोन पाइप पुष्कळ झाले. बॉल व्हॉल्व्ह यात घेऊ नका, तो जरा हलवला की एकदम खूप उघडतो नाहीतर एकदम खूप बंद होतो, बारीक जुळवणी गेट व्हॉल्व्हनेच होते. आणि सायफनच्या पाइपाचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडलेलं ठेवा, जास्त खोल गेलं तर लाइट परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरतच नाही.

संकटाच्या पाइपावर व्हॉल्व्ह लावायचा नाही, जाळी लावायची नाही, काही म्हणजे काही नाही.

काही जण टँकला भोक पाडायला घाबरतात आणि काठावरून लटकवायचा यू नळीचा बॉक्स घेतात. मीही भीतीपोटी तोच बघत होतो. नका घेऊ. त्या यू नळीच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साठत साठत एक दिवस सायफन सुटतो, आणि पंपाला ते कळत नाही. त्यापेक्षा काचवाल्याकडून टँक रिकामा असताना हिऱ्याच्या कटरने भोक पाडून घ्या, पाणी सोडत सोडत, सावकाश. आधी एवढं विचारा की काच टफन्ड तर नाही, कारण टफन्ड काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो.

जोड

टँक कनेक्टर सियागंजात कुठल्याही पाइपवाल्याकडे मिळतो, पाण्याच्या टंकीला लावतात तोच. रबराचं वायसर त्याच्या चपट्या कॉलरला चिकटून पाण्याच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत, नट बाहेरून. हाताने घट्ट करा आणि मग पान्याने पाव फेरा, बस. जास्त पिळलं की रबर बाहेर सरकतं नाहीतर काचेला तडा जातो. पीव्हीसीचे जोड सोल्युशन लावून पक्के करा, एक दिवस सुकू द्या. पंपाजवळ आणि ड्रेनवर युनियन, म्हणजे फिरवून उघडता येणारा जोड, बसवा, नाहीतर साफ करायला दरवेळी करवत लागेल. नरम नळी वापरत असाल तर प्रत्येक टोकाला क्लिप, नुसती खोचलेली नळी कधीतरी निसटतेच.

संप नाहीये, तरी वाचा

साधा टँक असणाऱ्यांचंही पाणी सांडतं. एअर पंप टँकच्या खाली, टेबलावर ठेवलेला असतो, लाइट गेली की बारीक नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं आणि टपकत बसतं. पंप पाण्याच्या वर ठेवा किंवा नळीला वीस-तीस रुपड्यांचा वन-वे व्हॉल्व्ह लावा, बाण बघून. काठावरच्या फिल्टरचा स्पंज तुंबला आणि फिल्टर मागे झुकलेला असला तर पाणी मागच्या बाजूने भिंतीवरून उतरतं. कॅनिस्टरच्या, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या, झाकणाच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) केस अडकला तरी गळतं, ती पुसून सिलिकॉन ग्रीस लावून बसवा.

आणि सगळ्यात जास्त पाणी ज्याने सांडतं ते म्हणजे आपण. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आले की घरात धावपळ, टंकी भरा, ड्रम भरा, त्यातच टँकमधे पाइप लावून ठेवला, तेवढ्यात दारावर कोणी आलं, गेलं लक्ष. ७० किलोमीटरवरून, नर्मदेकाठच्या जलूदहून डोंगर चढवून आणलेलं पाणी सोफ्याखाली! पाइप टँकमधे सोडून जागेवरून उठायचं नाही हा आमच्याकडे आता कायदा आहे, आईने केलेला. त्या पाण्यात क्लोरीन असतं हे वेगळंच, म्हणून मी आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवतो आणि मगाने ओततो.

उन्हाळ्यात अजून एक होतं. पाणी उडून जातं ते वर दिसत नाही, वरची पातळी दातांवर ठरलेली असते, कमी होतो तो फक्त संपाचा शेवटचा कप्पा. मग आपण अंदाजाने भरतो, जरा जास्त भरतो, आणि त्या जास्तीमुळे पुढच्या वेळी लाइट गेल्यावर संप काठावर येतो. म्हणून संपावर रेघ पाहिजे, तिच्यावर एक मगही जास्त नाही. आपोआप भरायला फ्लोट लावत असाल तर तो वीस लिटरच्या कॅनला जोडा, छतावरच्या टंकीला कधीच नाही. फ्लोट अडकला तर कॅनमधलं जाईल ते वीस लिटर, टंकीतलं जाईल ते सगळं.

चाचणी, रविवारी सकाळी

पोहे खाऊन, पोछा आणि दोन बादल्या जवळ घेऊन बसा. पंप चालू, पाणी स्थिर झालं की संपावर रेघ मारा, बाजूला "चालू" लिहा. मग पंपाचं बटन बंद करा. पाणी उतरायला पाच-सात मिनिटं लागतात, तोवर उठू नका. थांबलं की दुसरी रेघ, "बंद". ही रेघ काठापासून निदान तीन सेंटिमीटर खाली पाहिजे, नसेल तर संपातलं पाणी कमी करा आणि परत पहिल्यापासून. मग पंप चालू करा, सगळं आपोआप पूर्ववत होतं का बघा, आणि हे चालू-बंद पाच-सहा वेळा करा, कारण आमच्याकडे लाइट जाते तेव्हा एकदा जाऊन थांबत नाही.

यानंतर खरी परीक्षा. ड्रेनच्या तोंडात कापडाचा बोळा घाला. दुसरा पाइप असेल तर तो एकटा सगळं पाणी नेतो का बघा. मग त्यालाही बोळा घाला आणि पंप कोरडा पडायला लागेपर्यंत टँकच्या काठाकडे बघत बसा, हात बटनावर. छातीत धडधडतं, माझ्या धडधडलं होतं. काठाच्या आत थांबलं तर जिंकलात. नाही थांबलं तर शेवटच्या कप्प्यात एक वीट किंवा पाण्याने भरलेली बंद बाटली टाका, कप्प्यातलं पाणी कमी होतं, परत करून बघा.

वायरींचंही याच वेळी बघून टाका. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी बोर्डापेक्षा खाली लोंबकळली पाहिजे, म्हणजे वायरीवरून घरंगळलेला थेंब खाली पडतो, बोर्डात जात नाही. बोर्ड कपाटात संपाच्या डोक्यावर नको, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर मासे आणण्याआधी तो बसवा.

शेवटी एक जुगाड. छतावरच्या टंकीला लावतात तो बोलणारा अलार्म मिळतो, टंकी भरली की बाई ओरडते तो. त्याच्या दोन तारा मी संपाच्या काठाखाली दोन सेंटिमीटरवर अडकवल्यात. आत्तापर्यंत तो दोनदाच बोललाय. एकदा भाच्याने संपात मगभर जास्त नाही, बादलीभर जास्त पाणी ओतलं होतं आणि मग पंप बंद झाला तेव्हा. दुसऱ्यांदा रात्री तीनला, तारांवर नुसता ओलावा धरला होता, सगळं घर उठून बसलं, आणि सकाळी जिन्यात काकू भेटल्या तर पहिलं वाक्य, "परत पाणी का रे?" म्हटलं नाही काकू, या वेळी फक्त आवाज आला.